३२१५०३१७५१: चार चाचण्या पास झालेली संयुक्त संख्या

प्रश्न एका ओळीचा आहे: ३,२१,५०,३१,७५१ ही मूळसंख्या आहे का?

समजा, ३२ बिटांत मावणाऱ्या संख्या तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम आपल्यापुढे आहे. तो मूळसंख्या ओळखायची मिलर–राबिन चाचणी वापरतो आणि पाये म्हणून, म्हणजे ज्यांचे घात काढून चाचणी होते त्या संख्या म्हणून, पहिल्या चार मूळसंख्या घेतो: २, ३, ५ आणि ७. चारही चाचण्या पास झाल्या तर ‘मूळ’, एकीतही नापास झाली तर ‘संयुक्त’. असा प्रोग्रॅम वीसेक ओळींत लिहून होतो, झटक्यात चालतो आणि ४,२९,४९,६७,२९६ च्या खालच्या सगळ्या संख्यांना बरोबर उत्तर देतो. अपवाद फक्त एक, आणि तो म्हणजे वरची संख्या. तिच्यापुढे प्रोग्रॅम ‘मूळ’ असं छापतो. ती मूळ नाही.

चार अब्जांहून जास्त संख्यांत एक चूक म्हणजे काहीच नाही, असं म्हणता येईल. पण इथे चूक किती वेळा होते यापेक्षा ती का होते हे जास्त रंजक आहे. कारण हा योगायोग दिसतो तेवढा मोठा नाही.

आधी हातानेच बघू. शेवटचा अंक १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ बाद. ७, ११ आणि १३ साठी एकच युक्ती पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचे: ७५१ − ०३१ + २१५ − ३ = ९३२. या ९३२ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने भागलं तर ८, १३ ने भागलं तर ९. तिन्ही बाद. या बाक्या पुढे पडताळ्याला उपयोगी पडतात.

पुढे १७, १९, २३ असं चालत राहायचं. वर्गमूळ ५६,७०१ च्या किंचित वर आहे, म्हणजे संख्या खरोखर मूळ असती तर पाच हजारांहून जास्त मूळसंख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. प्रत्यक्षात एवढं जावंच लागत नाही. छत्तिसावी मूळसंख्या १५१, आणि तिने भाग जातो. भागाकार २,१२,९१,६०१. त्याचे पुढे ७५१ आणि २८,३५१ असे दोन मूळ अवयव पडतात:

३,२१,५०,३१,७५१ = १५१ × ७५१ × २८,३५१

थोडक्यात, शाळेतल्या भागाकाराने छत्तिसाव्या पायरीवर जी पकडली जाते, तीच संख्या चार नामांकित चाचण्यांमधून सुखरूप बाहेर पडते. कित्येक प्रोग्रॅम मुख्य चाचणीआधी लहान मूळसंख्यांनी भागून बघतात. ती यादी १०० ला थांबली तर ही संख्या सुटते, २०० पर्यंत गेली तर सापडते. हे सुटणं-सापडणं निव्वळ नशिबाचं आहे, त्यावर कुणी विसंबू नये.

आता चाचणीकडे. मुळात आहे फर्माचा नियम. १६४० मध्ये फर्माने तो एका पत्रात लिहिला. प ही मूळसंख्या असेल आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ चा (प − १) वा घात काढून प ने भागल्यावर बाकी १ उरते. उलट बाजूने वापर असा: बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. बाकी १ आली तर मात्र खात्रीने काहीच सांगता येत नाही.

आपल्या संख्येपुढे ही साधी चाचणी जवळजवळ आंधळी आहे. कारण बघण्यासाठी तिन्ही अवयवांतून १ वजा करू: १५०, ७५० आणि २८,३५०. आता संख्येतून १ वजा करून या तिघांनी भागू. ३,२१,५०,३१,७५० ला १५० ने भागलं तर २,१४,३३,५४५, ७५० ने भागलं तर ४२,८६,७०९, २८,३५० ने भागलं तर १,१३,४०५. तिन्ही वेळा भाग पूर्ण जातो. मग प्रत्येक अवयवाच्या हिशेबात, म्हणजे त्याने भागून फक्त बाकी बघितली तर, फर्माचा घात १ वरच येऊन थांबतो, आणि तिन्हींच्या हिशेबात १ आला की पूर्ण संख्येच्या हिशेबातही १ येतो. पाया कोणताही घ्या, त्याला १५१, ७५१ किंवा २८,३५१ ने भाग जात नसला की झालं. अशा संख्यांना कार्मायकल संख्या म्हणतात. तपासायच्या संख्येला ‘न’ म्हटलं, तर एकही मूळ अवयव दोनदा नसणं आणि प्रत्येक मूळ अवयव प साठी प − १ ने न − १ ला भाग जाणं, ही त्यांची कसोटी कोर्सेल्टने १८९९ मध्ये मांडली. कार्मायकलने १९१० मध्ये ५६१ हे उदाहरण दिलं. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, शिमेर्का या चेक गणितीने अशा पहिल्या सात संख्या शोधून छापल्या होत्या, पण त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. नाव मिळालं कार्मायकलला. या संख्या अनंत आहेत हे आल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पोमेरान्स यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात सिद्ध केलं.

१ पासून आपल्या संख्येच्या अलीकडपर्यंतच्या पायांपैकी फक्त २,५६,५६,७५० पाये फर्माच्या चाचणीत तिला पकडतात. म्हणजे साधारण सव्वाशेत एक. आणि पकडणारा प्रत्येक पाया तिच्या एखाद्या अवयवाच्या पटीत असतो. अशा पायाचा आणि संख्येचा मसावि काढला असता तर अवयव चाचणीशिवायच हाती आला असता. तेव्हा फर्माला इथेच सोडू.

मिलर–राबिन चाचणी एक पाऊल पुढे जाते. गॅरी मिलरने तिचं मूळ रूप १९७६ मध्ये मांडलं आणि मायकल राबिनने १९८० मध्ये यादृच्छिक पाये घेऊन तिला आजचं रूप दिलं. कल्पना अशी: मूळसंख्येच्या हिशेबात १ ची वर्गमुळं दोनच, १ आणि −१. इथे −१ म्हणजे न − १ एवढी बाकी. संयुक्त विषम संख्येला दोन किंवा जास्त वेगवेगळे मूळ अवयव असतील तर तिच्या हिशेबात १ ला आणखीही वर्गमुळं असतात. म्हणून न − १ हा घातांक एकदम न वापरता आधी त्यातले २ काढून टाकायचे, उरलेल्या विषम घातांकापासून सुरुवात करायची आणि वर्ग करत वर चढायचं. वाटेत १ ला पोचण्याच्या लगेच आधी −१ सोडून दुसरंच काही दिसलं तर संख्या संयुक्त.

आपल्या संख्येत ही चढण फारच छोटी आहे. ३,२१,५०,३१,७५० मध्ये २ एकदाच आहे: २ × १,६०,७५,१५,८७५. दुसरा आकडा विषम. म्हणजे चाचणीचा प्रश्न एकच उरतो. अ चा १,६०,७५,१५,८७५ वा घात काढला तर बाकी १ किंवा −१ येते का? येत असेल तर पास.

एवढा मोठा घात कसा काढायचा, हा प्रश्न संगणकाला पडत नाही. तीस वर्ग आणि मधले काही गुणाकार, की काम झालं. मधले गुणाकार ६४ बिटांत ठेवले नाहीत तर उत्तरं बिघडतात, ही सूचना जाता जाता. पण अवयव माहीत असतील तर संगणकही लागत नाही. प ही विषम मूळसंख्या असेल तर अ च्या (प − १)/२ व्या घाताची बाकी नेहमी १ किंवा −१ येते. कुठल्या तरी संख्येच्या वर्गाला प ने भागून अ ही बाकी मिळत असेल तर १, मिळत नसेल तर −१. ही ऑयलरची कसोटी. सोयीसाठी हिला अ चं प पुढचं चिन्ह म्हणू, अधिक किंवा उणे.

आपल्या तीन अवयवांसाठी (प − १)/२ म्हणजे ७५, ३७५ आणि १४,१७५. चाचणीचा घातांक या तिघांच्या अनुक्रमे २,१४,३३,५४५ पट, ४२,८६,७०९ पट आणि १,१३,४०५ पट आहे. तिन्ही पटी विषम. १ चा विषम घात १, −१ चा विषम घात −१. म्हणजे एवढ्या अवाढव्य घातांकाचं काम शेवटी तीन चिन्हांवर येतं: १५१ पुढचं, ७५१ पुढचं आणि २८,३५१ पुढचं. तिन्ही अधिक असतील तर पूर्ण बाकी १, तिन्ही उणे असतील तर −१. दोन्ही वेळा चाचणी पास. एखादं जरी वेगळं निघालं तर नापास.

या प्रकरणाची किल्ली इथे आहे. आता चिन्हं काढू.

२ चं चिन्ह अवयवाला ८ ने भागून मिळतं: बाकी १ किंवा ७ असेल तर अधिक, नाही तर उणे. १५१, ७५१ आणि २८,३५१ या तिघांची बाकी ७. तिन्ही अधिक. खात्री करायची तर ४६ चा वर्ग २,११६ घ्या. तो १४ × १५१ + २ आहे, म्हणजे १५१ च्या हिशेबात २ हा खरोखर वर्ग आहे.

५ साठी अवयवाला ५ ने भागायचं. तिघांची बाकी १, आणि १ हा वर्गच. तिन्ही अधिक. ५५ चा वर्ग ३,०२५, म्हणजे २० × १५१ + ५.

३ आणि ७ जरा वेगळे. आपले तिन्ही अवयव ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवणारे आहेत, आणि ३ व ७ सुद्धा तसेच. अशा जोडीत गाउसने सिद्ध केलेल्या अन्योन्यता नियमानुसार चिन्ह उलटं होतं. अवयवाला ३ ने भागल्यावरची बाकी वर्ग असेल तर ३ चं चिन्ह उणे. तिघांची बाकी १, म्हणून तिन्ही उणे. ७ ने भागल्यावर बाक्या ४, २ आणि १. सातच्या हिशेबात वर्ग असलेल्या बाक्या १, २ आणि ४ याच, म्हणून इथेही तिन्ही उणे. पडताळा म्हणून ४ × २ × १ = ८, ७ ने भागून बाकी १. सुरुवातीला ९३२ वरून हीच आली होती.

चार पाये, चारही वेळा तिन्ही चिन्हं सारखी. प्रोग्रॅमने दिलेलं ‘मूळ’ हे उत्तर एवढ्यावर उभं आहे.

आता योगायोगाचा हिशेब. तीन चिन्हं आपापल्या मनाने पडली तर आठ शक्यता, त्यांपैकी दोनच सारख्या, म्हणजे एका पायाला पास होण्याची शक्यता एक चतुर्थांश. चार पायांना २५६ मध्ये एक. ऐकायला बरं वाटतं. पण १५०, ७५० आणि २८,३५० पुन्हा बघा. तिघांना १५० ने भाग जातो, म्हणजे तिन्ही अवयव १५० ने भागल्यावर १ बाकी ठेवतात. १५० मध्ये ३ आहे आणि ५ आहे. मग ३ ने आणि ५ ने भागल्यावरच्या बाक्या तिघांच्या सारख्या असणारच, आणि ४ ने भागल्यावरची बाकीही सारखी असल्याने चिन्हंही सारखी येणारच. ३ आणि ५ या पायांनी काही तपासलंच नाही. त्यांचं उत्तर अवयवांच्या घडणीतच ठरलेलं होतं. खरी परीक्षा फक्त २ आणि ७ ने घेतली, आणि त्यांच्यातून निसटण्याची शक्यता १६ मध्ये एक.

माझ्या मते या संख्येकडून घ्यायचं ते हेच. कार्मायकल संख्या व्हायची तर प्रत्येक अवयवातून १ वजा करून आलेल्या आकड्याने न − १ ला भाग जावा लागतो. हे जुळून यायचं तर ते आकडे ३, ५, ७ अशा लहान मूळसंख्यांच्या पटीत असणं सोयीचं असतं. आणि आपण पाये म्हणून नेमके त्याच लहान मूळसंख्या घेतो. चाचणी आणि फसवणूक, दोन्ही एकाच मालातून घडतात.

आणखी एक फसगत. कुणाला वाटेल, चारच कशाला, २ पासून १० पर्यंत सगळे पाये घेऊ, म्हणजे नऊ चाचण्या. उपयोग शून्य. चिन्हांचा गुणाकार होतो: ६ चं चिन्ह म्हणजे २ आणि ३ च्या चिन्हांचा गुणाकार, १० चं म्हणजे २ आणि ५ च्या. तिन्ही सारख्या चिन्हांना तिन्ही सारख्या चिन्हांनी गुणलं तर पुन्हा तिन्ही सारखीच. त्यामुळे ४, ६, ८, ९ आणि १० हे पाये या संख्येबद्दल नवं काहीच बोलत नाहीत. १२, १४, १५, १६ यांचंही तेच.

पकडणारा पहिला पाया ११. अवयवांना ११ ने भागल्यावर बाक्या ८, ३ आणि ४. अकराच्या हिशेबात वर्ग असलेल्या बाक्या १, ३, ४, ५, ९. म्हणजे ८ वर्ग नाही, ३ आणि ४ आहेत. इथेही चिन्ह उलटं होतं, म्हणून ११ ची चिन्हं: १५१ पुढे अधिक, ७५१ पुढे उणे, २८,३५१ पुढे उणे. १५१ पुढचं अधिक थेट दिसतंही: ३९ चा वर्ग १,५२१, म्हणजे १० × १५१ + ११.

नापास होताना ही चाचणी बरंच काही सांगून जाते. ११ चा १,६०,७५,१५,८७५ वा घात काढला तर बाकी येते २,१२,९१,६०,०९९. ती १ नाही आणि −१ ही नाही, पण तिचा वर्ग केला तर बाकी १ येते. मूळसंख्येच्या हिशेबात असं होऊच शकत नाही. आता या बाकीत १ मिळवा: २,१२,९१,६०,१००. शेवटची दोन शून्यं झाकली की उरतात २,१२,९१,६०१, म्हणजे ७५१ × २८,३५१. अवयव अगदी उघड्यावर पडलाय. १ वजा केला तर येतात २,१२,९१,६०,०९८. याचा आणि मूळ संख्येचा मसावि युक्लिडच्या पद्धतीने काढला तर बाक्या भराभर उतरतात, शेवटी ३०२, मग १५१, आणि सातव्या भागाकाराला ०. मसावि १५१.

पाठोपाठ १३ हा पायाही घेऊ. अवयवांना १३ ने भागून बाक्या ८, १० आणि ११. तेराच्या हिशेबात यांपैकी फक्त १० वर्ग आहे, आणि १३ ला चिन्ह उलटं होत नाही. म्हणून चिन्हं उणे, अधिक, उणे. या वेळी मसावि काढला तर ७५१ हाती येतो. ११ ने १५१ वेगळा केला, १३ ने ७५१ वेगळा केला, उरला २८,३५१. दोन चाचण्यांत पूर्ण अवयव पडले. मोठ्या संख्यांचे अवयव पाडायला ही चाचणी सहसा वापरत नाहीत, कारण सर्वसाधारण संयुक्त संख्येत −१ किंवा १ पर्यंत गाडी पोचतच नाही. कार्मायकल संख्या ती शेवटपर्यंत पोचवतात आणि त्यातच उघड्या पडतात.

राबिनने आणि स्वतंत्रपणे मोनिएने दाखवलं की ९ पेक्षा मोठ्या कोणत्याही विषम संयुक्त संख्येसाठी पास करणारे पाये, तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्यांच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाहीत. आपल्या संख्येशी सहमूळ असलेल्या, तिच्याहून लहान संख्या १५० × ७५० × २८,३५०, म्हणजे ३,१८,९३,७५,०००. पास करणारे पाये बरोबर त्यांच्या चौथा हिस्सा: ७९,७३,४३,७५०. मर्यादा पूर्ण गाठली आहे. याहून जास्त फसवी होणं कोणत्याच संख्येला शक्य नाही.

अर्थात ही मर्यादा गाठणारी ती एकटी नाही. तीन मूळ अवयव, तिन्ही ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवणारे, आणि कार्मायकल, एवढं जुळलं की हिस्सा चौथाच येतो. शिमेर्काच्या यादीतली सातवी संख्या ८,९११ = ७ × १९ × ६७ हिचंही तसंच आहे. पण तिथे २ चं चिन्ह ७ पुढे अधिक आणि १९ पुढे उणे, त्यामुळे पहिल्याच पायाला पकडली जाते. फसव्या पायांचं प्रमाण दोघींचं सारखंच. ८,९११ चे फसवे पाये इकडेतिकडे पसरलेत, आपल्या संख्येचे नेमके दारातच जमलेत, आणि आपण दारातूनच पाये उचलतो.

पाये यादृच्छिक घेतले असते तर? चार पायांतून निसटण्याची शक्यता सुमारे २६४ मध्ये एक, वीस पायांतून एक लाख कोटींत एकाहूनही कमी. चौथ्या हिस्स्याची हमी ही यादृच्छिक पायांसाठीच आहे. ठरलेल्या चार पायांना ती लावणं चूक.

संख्येच्या बाकी गुणधर्मांतले दोनच इथे नोंदवतो. ८ ने भागल्यावर तिची बाकी ७, म्हणून ती तीन वर्गांच्या बेरजेत लिहिता येत नाही, चार लागतातच. आणि १ ला तिने भागलं तर दशांशातले अंक जास्तीत जास्त ७०,८७५ स्थानांनी परत फिरतात. तीन अब्जांच्या छेदाला हे आवर्तन फारच आखूड आहे, आणि त्याचं कारणही तेच: ७५, ३७५ आणि १४,१७५ यांचा लसावि ७०,८७५ आहे, आणि १० ची तिन्ही चिन्हं अधिक आहेत.

ही संख्या पुढे आली पोमेरान्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांच्या १९८० च्या कामातून. २५ अब्जांपर्यंतच्या फसव्या संख्या त्यांनी तपासल्या. २, ३, ५ आणि ७ या चारही पायांतून निसटणारी त्या सबंध पट्ट्यात ही एकच निघाली. हिच्यानंतरची तशी संख्या थेट १,१८,६७,००,८७,४६७. फक्त २, ३ आणि ५ मधून निसटणारी सर्वांत लहान संख्या २,५३,२६,००१ = २,२५१ × ११,२५१. हे दोन्ही अवयवही १५० ने भागल्यावर १ बाकी ठेवतात. तिथेही ३ आणि ५ ला फार काही करायचं नव्हतंच.

आता प्रोग्रॅमची दुरुस्ती. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ही एक संख्या अपवाद म्हणून लिहून टाकणं. उत्तरं बरोबर येतील, पण पुढे कुणी मर्यादा वाढवली की अपवादाची ओळ तशीच राहील आणि भ्रम कायम राहील. पाचवा पाया ११ जोडणं बरं. त्याहून बरं म्हणजे २, ७ आणि ६१ हे तीनच पाये घेणं. ४,७५,९१,२३,१४१ च्या खाली या तिघांतून एकही संयुक्त संख्या निसटत नाही, हे येश्केने १९९३ मध्ये दाखवलं. ३२ बिटांची हद्द त्याच्या आतच येते. चाराऐवजी तीन पाये आणि उत्तर नेहमी बरोबर. आपल्या संख्येपुढे ६१ ची चिन्हं उणे, अधिक, अधिक. ती पकडली जाते.

६४ बिटांसाठी पहिल्या बारा मूळसंख्या, २ पासून ३७ पर्यंत, पुरतात हे पडताळून झालं आहे. ११ या पायापर्यंतच थांबायचा मोह झाला तर मात्र अडचण येते २१,५२,३०,२८,९८,७४७ ला. २, ३, ५, ७ आणि ११ या पाचांतून निसटणारी ही सर्वांत लहान संख्या. तिचे अवयव ६,७६३, १०,६२७ आणि २९,९४७. प्रत्येकातून १ वजा करा: ९६६ ची ७ पट, ११ पट आणि ३१ पट. तिन्ही अवयव ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवतात आणि संख्या कार्मायकल आहे. सांगाडा तोच, फक्त १५० च्या जागी ९६६, म्हणजे २ × ३ × ७ × २३. या वेळी ३ आणि ७ फुकटात पास झाले. बाराव्या पायापर्यंत जावं लागत नाही, १३ लाच ती सापडते: ६,७६३ पुढे १३ चं चिन्ह अधिक, १०,६२७ पुढे उणे. तिसरं काढायची गरजच नाही.